भामरागडच्या वाटेवरचा ऑर्गन

मित्रांनो, पायांनी भाता हलवायचा आणि बोटांनी पट्ट्या दाबायच्या, अशा जुन्या पद्धतीचा मी एक ऑर्गन आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला माझं कौतुक वाटणार नाही, हे आधीच सांगतो. मी ज्या गावात राहतो त्याचं नावही सांगत नाही. भामरागडला जाणारी गाडी इथे थांबते, एवढं पुरे.

माझं अंग सागवानाचं आहे. आयुष्याची पहिली बावीस वर्षं मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काढली. दिवाळी झाली की बैलगाडीत बसून गावोगाव निघायचो. वारलू मास्तर मला वाजवत. वाजवायला बसण्याआधी ते साबणाने हात धुवायचे आणि दुपट्ट्याला पुसायचे. नटीने पदाची तान घेतली की लोक शिट्ट्या मारायचे, आणि मला वाटायचं, त्या माझ्यासाठीच आहेत. तिथेच मी बिघडलो. सगळ्या जगाने हात धुऊनच माझ्याजवळ यावं, असं मला वाटू लागलं.

पुढे विजेवर चालणारे कीबोर्ड आले. मी धानाच्या पोत्यांमागे पडलो. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं. वारलू मास्तर थकले, तेव्हा त्यांनी मला खुर्शीदभाईंच्या हवाली केलं. खुर्शीदभाई पेट्या दुरुस्त करायचे. दोन महिने खपून त्यांनी मला नवा भाता बसवला, एकेक सूर घासून जुळवला. मला घ्यायला एक गिऱ्हाईक आलं, पण खुर्शीदभाई नाही म्हणाले.

"शेडमध्ये माणसं गाडीची वाट पाह्यत दिवस दिवस बसून राह्यतात," ते बायकोला म्हणाले. "तिथी ठेवतो याले. ज्याले वाटन तो वाजवन."

अशा रीतीने १९९८ साली मी चौकातल्या प्रवासी शेडमध्ये आलो. शेजारीच खुर्शीदभाईंच्या बायकोचं, नूरीबाईंचं, बांगड्यांचं दुकान होतं. माझ्यावर पाटी लागली : 'येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही वाजवावा.'

आणि खरंच कोणीही वाजवू लागलं. कंडक्टर भजन वाजवायचा. तेंदूपत्ता तोडून आलेले मजूर चिकट, काळ्या बोटांनी पट्ट्या दाबून हसायचे. लोकांना आनंद व्हायचा. मला मात्र त्या बोटांची किळस यायची. कोणाला हे कळत नव्हतं, कारण ऑर्गनला तोंड नसतं. पण तुमच्यापासून काय लपवू?

दुसऱ्या वर्षी श्रावणात पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा रस्ता बंद पडला. शेडमध्ये तीसेक माणसं अडकली. त्यांत मंगली नावाची एक माडिया आदिवासी बाई होती. कडेवर तीन वर्षांचा कोलू. पोराला मोठा ताप येऊन गेला होता आणि तेव्हापासून ते कशालाच वळून पाहत नव्हतं. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, ऐकू येतं का ते नीट पाहा, थोडंही येत असेल तर लगेच घेऊन या. तिने टाळ्या वाजवून पाहिल्या, थाळी वाजवून पाहिली. पोर ढिम्म.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ आली. तिच्या हाताला भात लागलेला होता. कंडक्टरचं पाहून तिने पायाने भाता हलवला आणि डावीकडची एक जाड सुराची पट्टी दाबली. कोलूचा गाल माझ्या लाकडाला टेकलेला होता. तो हसला.

मंगलीने हात काढला. पुन्हा दाबला. तो पुन्हा हसला. तीच एक पट्टी तिने कितीतरी वेळ दाबली. मग ती नूरीबाईंकडे वळली.

"बाई, लेकरू हासते. पन आयकते का लाकूड हालते म्हनून हासते, समजत नाई. तू वाजव. मी याले घेऊन तिकडं दूर उभी राह्यते."

"थांब, गिऱ्हाईक उरकते अन् आलीच," नूरीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात प्रफुलभाऊ आले. शेडची देखरेख त्यांच्याकडे होती. माझ्या पांढऱ्या पट्टीवर त्यांना भाताची शितं दिसली.

"ए बाई, काऊन एकच भों भों लावून राह्यली? वाजवता येते का तुले?"

मंगलीने नाही म्हणून मान हलवली.

"मंग हात नोको लाऊ. नासून जाईन."

त्यांनी माझं झाकण लावलं आणि समोरच्या दुकानातून कुलूप आणून घातलं. नूरीबाई धावत आल्या. "भाऊ, तिचं लेकरू आयकते का ते पाह्यचं हाय. घडीभर उघडा."

"आज हिले दिलं तर उद्या सारेच बसतीन," असं म्हणून ते किल्ली घेऊन निघून गेले.

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. ती कशासाठी पट्टी दाबत होती हे मी ऐकलं होतं. तरी मला बरं वाटलं.

नूरीबाईंनी तिला हाक मारली, पण मंगली पोराला घेऊन शेडबाहेर टपरीच्या आडोशाला जाऊन बसली. ती परत आत आली नाही. खुर्शीदभाई चंद्रपूरला गेलेले होते. ते दोन दिवसांनी आले आणि सगळं ऐकून त्यांनी कुलूप तोडलं. पण त्याच सकाळी रस्ता मोकळा होऊन पहिली गाडी मंगलीला घेऊन गेली होती. मंगली कोणत्या गावची, हे कोणी विचारलंच नव्हतं.

वर्षभराने ती दिसली. कोलू आता कडेवर नव्हता, तिच्या बोटाला धरून चालत होता. तो थेट माझ्याकडे आला आणि त्याने लाकडाला गाल लावला. मंगलीने त्याला झटकन ओढून घेतलं.

"नोको. आपलं नाई ते," ती त्याला म्हणाली आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसली.

नूरीबाईंनी तिला ओळखलं. खुर्शीदभाई बाहेर गेले नाहीत. ते माझ्यासमोर बसले, त्यांनी भाता भरला आणि नूरीबाईंनी दाखवलेला तोच जाड सूर धरला. जेवढा होता तेवढा सगळा आवाज मी दिला. झाडाखाली पाठमोरा बसलेला कोलू गर्रकन वळला.

मंगली उभी राहिली. "आयकते," ती म्हणाली.

खुर्शीदभाई आणि नूरीबाई त्याच दिवशी दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. संध्याकाळी ते शेडमध्ये बसून बोलत होते, ते मी ऐकलं. पोराला जाड आवाज थोडे ऐकू येतात. कानाला लावायचं यंत्र मिळेल. पण डॉक्टर म्हणाले, बोलायला शिकायचं हेच वय, वर्षभर आधी आणायला हवं होतं.

ते वर्ष माझ्या झाकणाखाली गेलं. कुलूप प्रफुलभाऊंनी लावलं खरं, पण आनंद मला झाला होता.

आता माझं पॉलिश गेलं आहे, चार पट्ट्या मुक्या झाल्या आहेत. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्या शाळेत, चौकात सगळ्यांसाठी म्हणून एखादी वस्तू ठेवलेली असेल, तर तिच्यापासून दूर कोण उभं आहे ते पाहा, आणि त्याला आधी बोलवा. एकदा हटकलेला माणूस पुन्हा सहज येत नाही.

कोलूच्या यंत्रासाठी मंगलीला अधूनमधून इथे यावं लागतं. कोलू येतो, दोन्ही हातांनी पट्ट्या बडवतो. खुर्शीदभाई दर वेळी म्हणतात, "बाई, तुमीबी बसा ना."

ती हसते, नाही म्हणून मान हलवते आणि हात पदराखाली घेते.