उलट्या बाजूची बटणे

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. अंग काळे, पाय लोखंडी, आवाज थोडा खरखरीत. पण मित्रांनो, माझा टाका अजून सरळ पडतो, हे आधीच सांगून ठेवते. म्हातारपणी आपले कौतुक आपणच करावे, दुसऱ्याला तसदी कशाला?

कारखान्यातून निघाले ती थेट मास्तरांच्या दुकानात आले. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. पहिली काही वर्षे आम्ही शाळेचे गणवेश आणि कारकुनांच्या सरळसोट पँटी शिवल्या. मास्तरांचा एकच नियम होता. समोर नमुना ठेवायचा आणि त्याबरहुकूम शिवायचे, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही. त्यांनी शिवलेला कपडा कधी परत आला नव्हता आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

मग रेडिओवर परदेशी बँडची गाणी वाजू लागली आणि गल्लीतल्या पोरांना वारे लागले. शब्द कोणालाच कळत नसत, पण गुणगुणत सगळे. केस आधी कानांवर उतरले, मग खांद्यांवर. पँटी खाली इतक्या रुंद झाल्या की झाडूवाल्याचे काम हलके झाले, असे मास्तर म्हणत. वडीलमंडळी कपाळाला हात लावत आणि त्याच पँटींचे कापड स्वतः आणून देत. मला तो काळ फार आवडला. खाकी सोडून जांभळे, फुलाफुलांचे कापड माझ्या सुईखाली येऊ लागले.

त्यातल्या पाच जणांनी आपला बँड काढला. त्यांचा गाणारा म्हणजे झिपऱ्या. कॉलेजच्या संमेलनात त्यांचा पहिला कार्यक्रम होता. झिपऱ्याने मासिकातून कापलेला एका परदेशी बँडचा फोटो आणला आणि तशीच पाच जाकिटे मागितली. मास्तरांनी फोटो माझ्यासमोर भिंतीला टाचला आणि ते थबकले. बटणे डाव्या बाजूला होती, बायकांच्या कपड्यांना असतात तशी. काजे करणाऱ्या त्यांच्या लेकीने शंका बोलूनही दाखवली. पण नमुना तो नमुना. आम्ही तसेच शिवले.

संमेलनाच्या दिवशी सकाळी झिपऱ्या आला तो पडलेल्या चेहऱ्याने. त्याच्या मामाने जहाजावरून त्याच बँडची तबकडी आणली होती आणि तिच्या वेष्टनावर बटणे उजवीकडे होती. मासिकवाल्यांनी फोटो उलटा छापला होता.

मास्तर मटकन खुर्चीत बसले. बटण हलवता येते, पण एकदा कापलेले काज हलत नाही. पोरांचे हसे होणार आणि आपले नाव मातीत जाणार, हे त्यांना दिसत होते. मलाही फार वाईट वाटले, कारण टाके माझेच होते.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "लेकीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. घालू नका ही."

झिपऱ्याने एक जाकीट अंगात चढवले आणि आरशात पाहिले. "राहू द्या मास्तर. गाणी त्यांची, केस त्यांचे. निदान बटणं तरी आपली असू देत."

त्या संध्याकाळी पोरे बेसूर गायली म्हणे, पण जाकिटे गाजली. पुढच्याच आठवड्यात उलट्या बटणांसाठी दुकानात रांग लागली. मास्तरांनी ती सगळी शिवली, पण हसून कधी नाही. लोकांना गंमत वाटली तरी आपली चूक ती चूकच, हे त्यांच्या मनातून गेले नाही.

पुढे तयार कपडे आले आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर जुन्या गाठोड्यांचा ढीग साचला. लेकीने दुकान हाती घेतले, तेव्हा तिने मला बाहेर काढून पुसले. मित्रांनो, आम्हाला फार काही लागत नाही. महिन्याला दोन थेंब तेल घाला, पट्टा सैल पडू देऊ नका आणि डोक्यावर कुंडी ठेवू नका. मग आम्ही तुमच्या नातवंडांनाही पुरतो.

परवा झिपऱ्या आला होता. केस गेले, नाव तेवढे राहिले. बरोबर नात होती, ती बँडमध्ये गिटार वाजवते. तिला आजोबांचे जाकीट खांद्यात लहान करून हवे होते. लेकीने माझ्यावर ते बसवून दिले. नातीने ते घातले आणि खाली न बघता सगळी बटणे लावली, रोज आपल्या कपड्यांची लावते तशी.

नव्वदीचे मास्तर खुर्चीतून उठले. जवळ येऊन त्यांनी एकेक काज बोटाने चाचपले.

"बरोबर शिवलं होतं की," ते म्हणाले. "घालणारी तेवढी उशिरा आली."