टपाचा रंग

“अहो, गुडघे माझे आहेत, परांचीचे बांबू नव्हेत.” बायको संग्रहालयाच्या जिन्यातच थांबली. “खालून नाही का दिसत?”

“खालून दिसलं असतं तर आयुष्यभर तुझी थट्टा कशाला सोसली असती? चल, थोडंच राहिलं.”

तिच्या नवऱ्याला रेल्वेच्या कारखान्यात सगळे टपवाले म्हणत. डब्यांच्या बाजू रंगवणारे, सोनेरी अक्षरं काढणारे कारागीर वेगळे आणि त्यांचा रुबाबही वेगळा. टपवाल्यांच्या वाट्याला कायम टप, म्हणजे डब्याचं छत, फलाटावरच्या कुणालाच न दिसणारी जागा. टपाला पांढराच रंग द्यायचा असा तिथला रिवाज होता. कारखान्यातून निघताना टप दुधासारखा असे आणि कोळशाच्या इंजिनामागे थोडे दिवस धावला की राखाडी होई. रंगासाठी परत येई तेव्हा दुसऱ्यांनी तो आधीच घासून काढलेला असे.

बायको कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती. जाता-येता रोज स्टेशनच्या पुलावरून जायची आणि घरी येऊन म्हणायची, “आजही एक पांढरा टप दिसला नाही. तुम्ही नक्की कामावरच जाता ना?” लग्नानंतर एकदा त्यांनी हट्टाने तिला ताज्या रंगाची गाडी बघायला पुलावर उभं केलं होतं. पण गाडीच्या आधी इंजिनाचा धूर आला. तो विरेपर्यंत गाडी निघून गेली आणि तिचे नवे कपडे काळे झाले. मग काय, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट ऐकावी लागे. टपवालेही हसत, पण ते त्यांना लागायचं.

आता रेल्वेच्या या संग्रहालयात एक जुना डबा दुरुस्त होत होता आणि निवृत्त झालेले टपवाले हौसेने मदतीला जात. दुरुस्तीचं काम बघणाऱ्या ताईंना पांढऱ्या रंगाचं सगळं ठाऊक होतं. तरी टप राखाडीच करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

“काका, लोकांनी हे डबे राखाडीच पाहिलेत. पांढरा दिला तर त्यांना तो आपला वाटणार नाही.”

“राखाडी मी कधी दिलाच नाही, ताई. तो धुराने दिलाय.”

पण ताईंचं म्हणणं त्यांना खोडताही येईना. शेवटी त्यांनी एवढंच मागून घेतलं, की आधी पांढरा हात द्यायचा, तो बायकोला दाखवायचा आणि मग त्यावर राखाडी चढवायचा.

बायको जिना चढून वरच्या सज्जावर पोहोचली, कठड्याला टेकली आणि खाली बघत राहिली. डब्याचा अख्खा टप तिच्यासमोर पसरला होता.

“बोल की काहीतरी.”

“इतका पांढरा द्यायचात तुम्ही?” तिने विचारलं. “मला वाटायचं, उगाच आपलं सांगता. आणि मी पाहुण्यांसमोर…”

“जाऊ दे गं.”

हे ऐकायला त्यांनी उभा जन्म वाट पाहिली होती. आता ऐकलं तर आनंद राहिला बाजूला, तिचीच कणव आली.

ताईंनी राखाडी रंग त्यांच्यावरच सोपवला होता. ते खाली उतरले आणि बादलीतल्या पांढऱ्यात काळा ओतून ढवळू लागले. जमला, असं वाटलं तेव्हा बादली उचलून त्यांनी वर दाखवली.

“हा कुठला?” वरून बायको म्हणाली. “असा नव्हताच.”

टपवाल्यांनी बादली खाली ठेवली. आपल्याला फक्त पांढरा माहीत आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. पुढे टपाचं काय व्हायचं, ते सगळं तिनेच बघितलं होतं.

“मग कसा होता?”

“मधे खूप काळा, अगदी काजळी बसल्यासारखा. कडेला फिका होत जायचा. इंजिनाजवळच्या डब्यांवर जास्त, मागच्यांवर कमी. पाऊस पडून गेला की कडा जराशा उजळायच्या.”

“एवढं बघायचीस तू?”

“पांढरा शोधायचे ना,” ती म्हणाली. “रोज.”

त्यांनी आणखी काळा ओतला, सावकाश ढवळला आणि बादली घेऊन परांचीवर चढले. बराच वेळ टपाकडे बघून त्यांनी मान वर केली.

“कुठून सुरू करू?”

“मधून.”

त्यांनी ब्रश बुडवला, निथळू दिला आणि पांढऱ्यावर पहिला पट्टा ओढला.