चांगुणाच्या हातची रोटी

शनिवारी सकाळी चांगुणाने चर्च झाडून काढलं, सतरंज्या झटकल्या आणि घरी येऊन हात कोपरापर्यंत धुतले. देवणीजवळच्या त्या गावात बारा वर्षं ती चर्च झाडत होती. पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची रोटी उद्या पहिल्यांदाच तिच्या घरून जायची होती. गहू तिने दोनदा निवडले.

"अगं, लगीन हाय का घरात?" नवरा सटवाजी हसला.

"गप बसा. समदी मंडळी माझ्या हातचं खानार हाय."

ही रोटी दर महिन्याला पाळीपाळीने घराघरांतून यायची. घराघरांतून म्हणजे जुन्या घरांतून, बरं का! त्यांचे आजे मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. चांगुणा-सटवाजी मागून आले, आणि त्यांची मूळची जात आपल्याहून खालची, असं जुन्यांचं म्हणणं. गावाने दोन्ही जातींना एकाच वेशीबाहेर ठेवलं होतं, ते मात्र सोयीने विसरले. देव बदलला, जात तेवढी गाठोड्यात बांधून आणली. नांदेडहून बदलून आलेले चर्चचे धर्मगुरू, पाळक नरसिंग, यांनी पाळीच्या यादीत चांगुणाचं नाव घातलं. त्यांनी केलं ते एवढंच.

रविवारी प्रार्थना झाली, रोटी मोडली. "या, प्रभूचं मेज तयार आहे," पाळक म्हणाले. चांगुणा आणि सटवाजी मेजापुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसले. मागून कुणीच आलं नाही.

मंडळीचे पंच श्रीमंतराव उठले, अगदी नम्रपणे. "पाळकसाहेब, माझं मन आज शुद्ध न्हाई. अयोग्य रीतीनं खाल्लं तर दंड लागतो, शास्त्रात हाय. मी घेत न्हाई."

"माझं बी न्हाई," बजरंग म्हणाला. मग तिसरा, चौथा. वा रे वा! साठ माणसांची मनं एकाच सकाळी नासली. भावाशी कोर्टात भांडून आलेले हातसुद्धा आजवर बिनदिक्कत पुढे व्हायचे. तेव्हा शास्त्र आठवलं नाही.

चांगुणा रडली, उघड रडली. "काय खडा निघाला का रोटीत? सांगा की!"

पाळक संतापले. "मोडलेली रोटी उरवायची नाही, हा इथला नियम श्रीमंतरावांनीच मला शिकवला. ती संपल्याशिवाय शेवटचा आशीर्वाद नाही. आम्ही तिघं खातो, तुम्ही बसा."

तिघं खाऊ लागले. कोरडी रोटी घशात अडकत होती. मंडळी घड्याळाकडे बघत होती. तेवढ्यात बायकांतून श्रीमंतरावांची बायको गुणाबाई उठली.

"कुठं निघालीस?" श्रीमंतरावांनी दरडावलं.

"खायाला."

"घरी ये, मग बघतो तुला!"

"हितंच बघा. मी बाळंतपणात मरायला टेकले व्हते, तवा हिनंच सोडवलं मला. तुमच्या लेकाच्या तोंडात पयलं बोट हिचंच गेलं. तवा न्हाई इचारली जात!"

ती चांगुणाशेजारी गुडघे टेकून बसली. श्रीमंतराव आशीर्वाद न घेताच बाहेर पडले. त्यांच्या मागे निम्मी मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी पाळकांना हलवा म्हणून वर अर्ज गेला. कारण काय लिहिलं? 'यांनी मंडळीची एकी मोडली.' सह्या पटापट झाल्या. तीन आठवड्यांत बदली झाली. यादीतून चांगुणाचं नाव गेलं.

पुढच्या महिन्यात पाळी श्रीमंतरावांच्या घरची होती. मेजावर पांढरं कापड अंथरलं होतं, प्याला भरला होता. रोटी नव्हती.

"रोटी कुठाय?" नव्या पाळकांनी विचारलं. श्रीमंतरावांनी बायकोकडे बघितलं.

मागच्या सतरंजीवरून गुणाबाई उठली. तिने चांगुणाचा हात धरला होता. "माझ्या हातची मिळनार न्हाई, पाळकसाहेब. हिच्या हातची चालती का, इचारा मंडळीला."

पाळकांनी विचारलं. वाचकहो, त्या सतरंजीवर तुम्हीही बसला आहात असं समजा, आणि उत्तर द्या.