सजीवरावांचा हट्ट

चौथ्या खोक्यापाशी सजीवरावांचा हात थांबला. डीप फ्रीजरचं दार उघडं, तोंडावर पांढरी वाफ. मागे यादी घेऊन उभ्या असलेल्या, आताच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "काका, दार लावा ना, सगळं इथेच वितळेल." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, कारण वितळवायचंच तर होतं. प्रयोगशाळा बंद होत होती. इतक्या वर्षांत गोठवून ठेवलेले विषाणूंचे सगळे नमुने शुक्रवारपर्यंत नष्ट करा, असं वरून पत्र आलं होतं. ते काम करायला जुना माणूस एकच उरला होता, तोही चार महिन्यांत निवृत्त होणारा.

सजीवराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते चहाच्या टेबलावर पडलं होतं. नवी मुलं कामाला लागली की मोठे डॉक्टर हमखास प्रश्न टाकायचे, विषाणू सजीव की निर्जीव? आणि उत्तरही तेच द्यायचे. ज्याला खाणं नाही, श्वास नाही, परक्या पेशीत शिरल्याशिवाय ज्याचा वंश वाढत नाही, तो कसला सजीव? पाकिटात घातलेली चिठ्ठी नुसती. सगळे माना डोलवायचे. बेताच्या शिक्षणाचे तंत्रज्ञ सजीवराव मात्र चहाचा कप तसाच धरून हट्टाला पेटायचे. म्हणायचे, चिठ्ठी कधी आपला मजकूर बदलते का साहेब? हा बदलतो. आपण एक दार लावलं की दुसरं शोधतो. जीव नसलेल्याला एवढी अक्कल कुठून आली? त्यावर मोठे डॉक्टर म्हणत, विषाणूने रजेचा अर्ज दिला की त्या दिवशी मानेन. हशा व्हायचा. एरवी कुणाला उलटून न बोलणारा हा माणूस याच एका गोष्टीवर इरेला पेटतो, याची सगळ्यांना गंमत वाटे. का पेटतो, ते कुणी विचारलं नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तापाची साथ आली होती. त्यात त्यांची चार वर्षांची मुलगी फणफणली. तिच्या घशातला नमुना त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला आणि बाटलीत वाढवलेल्या पेशींवर टाकला. विषाणू असला की त्या पेशी गोल होतात, तळापासून सुटतात. तिसऱ्या दिवशी त्या सुटल्या. मुलगी आदल्या दुपारीच गेली होती. घरात माणसं जमलेली, आणि हा बाप तासाभरासाठी जाऊन मायक्रोस्कोपला डोळा लावून आला. बायको ते कधी विसरली नाही.

महिन्याभराने तिने एकदाच विचारलं होतं, तुमच्या कपड्यांतून तर नसेल ना आला? ते म्हणाले, साथ गावभर आहे, कुठूनही आला असेल. गावभर होतीच. पण त्याच महिन्यात ते रोज तोच विषाणू हाताळत होते, हेही तितकंच खरं होतं. तिने पुन्हा विषय काढला नाही. फक्त त्यांचे कामावरचे कपडे वेगळ्या बादलीत पडू लागले, ते आजतागायत.

तो नमुना मोठ्या डॉक्टरांना आवडला होता. फार छान वाढतो, म्हणाले, आणि पुढच्या तपासण्या पडताळून पाहायला तोच ठेवून घेतला. कुणाच्या घशातला, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. कुपीवर नुसता आकडा होता. सुरुवातीला दर काही वर्षांनी सजीवराव तो वितळवत, ताज्या पेशींवर वाढवत आणि नव्या कुप्या भरून ठेवत. पुढे नव्या पद्धती आल्या, त्याची गरज संपली, आणि तो चौथ्या खोक्यात पडून राहिला.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत, पण निवडलेली आणि टाकायची भाजी एकाच ताटात पडू लागली.

"म्हणजे ज्याने तिला नेलं, त्याला तुम्ही इतकी वर्षं जपलंत?"

"जपलं म्हणजे, ठेवलं होतं."

"जिवंत आहे तो?"

नेहमीचं ठाम 'हो' ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"जिवंत असेल तर त्याने केलं," ती म्हणाली. "नसेल, तर मग सुरीला कोण दोष देतं हो? हात कुणाचा होता तेच बघतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर परवडला असता. चहाच्या टेबलावर आपण इतकी वर्षं कुणाशी भांडत होतो, ते सजीवरावांना त्या संध्याकाळी कळलं.

मंगळवारी त्यांनी मॅडमना विचारलं, एक कुपी शेवटची वाढवून बघू का? मॅडम कचरल्या. पत्रात असं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला. मॅडमनी हातातली यादी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, पेशींची एक बाटली उरली आहे, ती तशीही टाकूनच द्यायची आहे. करा.

बुधवारी पेशी जशाच्या तशा होत्या. गुरुवारीही. शुक्रवारी सकाळी त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तळाला घट्ट चिकटलेल्या, एकीला एक लागून, निरोगी. मॅडमनीही पाहिलं. दोन वर्षांपूर्वी वीज तीन दिवस गेली होती आणि जनरेटरने दगा दिला होता, त्याची त्यांनी आठवण करून दिली.

"नाही वाढत, काका. मेलाय तो. केव्हाच."

"मेलाय म्हणालात, मॅडम."

"ती बोलायची पद्धत असते हो." मग त्यांचा चेहरा बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही ठाऊक नाही. सजीव कशाला म्हणायचं, ते आपणच ठरवतो."

सजीवरावांनी मान हलवली. मुलीच्या अंगातून आलेलं शेवटचं जे काही होतं, ते दोन वर्षांपूर्वीच कधीतरी संपलं होतं. त्या वेळी ते कदाचित शेजारच्याच खोलीत डबा खात बसले असतील. याही वेळी त्यांना उशिराच कळलं होतं.

दुपारी त्यांनी सगळी खोकी ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेच्या दाबाने जंतू मारायच्या टाकीत, रचली. ती निरोगी पेशींची बाटलीही आत ठेवली, नियम होता. झाकणाचे स्क्रू आवळले, आत वाफ सोडली, आणि दाबाचा काटा उतरेपर्यंत स्टुलावर बसून राहिले.

घरी जाताना वाटभर उत्तर तयार होतं. मेला, म्हणजे कधीतरी जिवंत होता. मॅडमच म्हणाल्या. ते खोटंही झालं नसतं, निदान त्यांच्यापुरतं तरी नाही.

दार बायकोनेच उघडलं. "झालं?"

"झालं."

"जिवंत होता?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं तिने एक शब्द वावगा काढला नव्हता. त्यांच्या आजारपणात उशाशी बसली होती, त्यांची आई तिनेच शेवटपर्यंत सांभाळली होती. आणि या सगळ्या काळात, आपला तो संशय खरा की खोटा, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

"नव्हता," सजीवराव म्हणाले. "नुसती वस्तू होती. आपण होऊन कुठे जात नाही ती. कुणीतरी न्यावी लागते."

ती दारातून बाजूला झाली. मग तिने मान हलवली, आधीच ठाऊक असलेली गोष्ट ऐकल्यासारखी.

"हात धुऊन घ्या," ती म्हणाली. "वाढते."

दोघं समोरासमोर बसली. भाजीत मीठ घालायचं राहून गेलं होतं. तिनेही सांगितलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. दोघांनी ताटं स्वच्छ केली.