शेंदराखालची धार

मी एक जुना काळा दगड आहे. जुना म्हणजे किती, ते मात्र विचारू नका मित्रांनो. मला घडवणाऱ्यांना आकडे येत नव्हते.

त्यांची कपाळं बसकी होती. वाघासारखी नखं नव्हती, हरणाचे पाय नव्हते. पण एकाला जमलेलं दुसऱ्याला दाखवायची त्यांना भारी हौस! एका बाईनं लेकीच्या हातात गोटा दिला, तिचं मनगट धरलं आणि माझ्या कडेवर घाव घालायला शिकवलं. लेकीनं आधी बरेच दगड वाया घालवले. मग मला धार आली. माझ्या धारेनं त्यांनी कातडी सोलली, कंद खणले. त्या लेकीनं पुढं आपल्या पोरांना शिकवलं. माणूस असाच माणूस होत गेला. त्यात माझाही हात लागला, याचा मला अभिमान आहे.

पुढं मी मातीखाली गेलो, तो थेट भूम गावाजवळच्या शेतात लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या नांगराला लागलो. माझा तासलेला आकार पाहून त्यांनी मला बांधावर बाभळीखाली मांडलं आणि शेंदूर फासला. झालो देव! नारळ माझ्या नावानं फुटायचे, खोबरं दुसरेच खायचे. त्याचं दुःख नाही. मला कुणी हातात घेईना, याचं फार वाईट वाटायचं. शेंदराचे थर चढत गेले आणि धार पार बुजली.

यंदा लिंबाजींची नात आरोही शाळेत आदिमानवाचा धडा शिकली आणि बांधावर येऊन गारगोट्या फोडू लागली. एकीलाही धार येईना. बोटं सोलपटली तरी पोर हटेना. शेवटी तिनं माझ्याकडं हात केला.

"शिवू नगंस! देव हाय त्यो," लिंबाजी ओरडले.

"आबा, तुमी मला विळा चालवायला कसं शिकिवलं? हात धरूनच न्हवं? ह्यो बी कुणीतरी तसंच शिकून घडिवलाय. मला बघू तरी द्या."

मग लिंबाजींनी मला हात जोडले, खापरीनं एका कडेचा शेंदूर खरवडला आणि मला तिच्या तळहातावर ठेवलं. किती काळानं माणसाचा हात लागला!

आरोहीनं माझ्यावरचे घाव बोटानं चाचपले. सगळे तिरके. ती आतापर्यंत सरळ ठोकत होती. तिनं गारगोटी कलती धरली, गोटा मारला आणि पातळ कपची उडाली. कपचीनं गवत कापलं गेलं.

लिंबाजी बघत राहिले. मग नातीशेजारी मांडी घालून बसले आणि एक गारगोटी उचलून म्हणाले, "मलाबी दाव की गं."

मित्रांनो, मला खुशाल पुन्हा बाभळीखाली बसवा, पण अधूनमधून हातात घ्या. आणि तुम्हाला जे येतं ते, ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसून दाखवा.