मॅग्नेटो आणि अबोला

कानसेन मिस्त्रीचा आणि त्याच्या बायकोचा अबोला आठव्या दिवसावर आला होता. भांडण एवढंसं. ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू येईनासं झालंय." तो म्हणाला, "तूच पुटपुटतेस." ती म्हणाली, "बरं, मग बोलतच नाही." झालं! तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना.

आता कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ट्रॅक्टर वळणावर असतानाच हा पठ्ठ्या शेडमध्ये बसून सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय, म्हणून लोकांनी नाव पाडलं आणि यानं ते तीस वर्षं मिरवलं. त्यामुळे बायकोचं म्हणणं खरं निघालं असतं तर धंदाच बसला असता. आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत होती. जाड आवाज त्याला अजून यायचे; बारीक आवाज मात्र न सांगता निघून गेले होते. बायकोचा आवाज बारीक होता, त्याला तो तरी काय करणार!

त्यात आज मास्तर आपला म्हातारा ट्रॅक्टर घेऊन हजर. निवृत्त माणूस, घरी कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इंजिनाच्या निमित्तानं इथं ठाण मांडायचा. मास्तरला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला पाठ असायची.

"एका लयीत चालतच नाही हो," मास्तर म्हणाला. "मध्येच पिसाळतं, मध्येच मान टाकतं. आमच्या हेडमास्तरांसारखं."

हा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचा दोष. कानसेननं गव्हर्नर उघडला. इंजिनाचा वेग वाढला की आतली वजनं बाहेर फाकतात आणि दांडी ओढून इंधन कमी करतात. पण इथं दांडीच्या सांध्यात मळ असा बसला होता की तिला हलायचीच इच्छा नव्हती. त्यानं सगळं रॉकेलमध्ये धुतलं, सैल पडलेली स्प्रिंग बदलली, दांडी बोटानं हलवून पाहिली. लोण्यासारखी फिरली. हे काम डोळ्यांचं आणि हातांचं, त्यामुळे स्वारी खुशीत शीळ घालत होती.

मग आली मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या डबीची पाळी. प्लग काढायचा, भोकावर अंगठा ठेवायचा, हँडल मारत आतली हवा अंगठ्याला ढकलेपर्यंत यायचं. मग हळूहळू पुढे. पुढच्या पुलीवरची खूण जुळली की त्याच क्षणी मॅग्नेटोत 'टक्' वाजलं पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. एवढं जमलं की टायमिंग बसलं.

कानसेननं हँडल फिरवलं. खूण आली. खूण गेली. टक् काही आलं नाही.

पुन्हा फिरवलं. शांतता. मॅग्नेटोवर हात ठेवला असता तर टक् हाताला कळलं असतं, पण मॅग्नेटो इंजिनाच्या कुशीत आणि हँडल पार पुढे. एवढा लांब हात देवानं कुणालाच दिलेला नाही. मास्तरला विचारावं तर सगळंच संपलं.

"झालं का हो टक्?" मास्तरनं विचारलं.

"होतंय की," कानसेन म्हणाला. त्यानं अंदाजानं बोल्ट आवळले, प्लग लावला आणि हँडल मारलं. इंजिनानं असा उलटा झटका दिला की हँडल हातातून निसटलं आणि सायलेन्सरनं तोफ डागली. झाडावरची पाखरं उडाली. हे मात्र त्याला नीट ऐकू आलं.

"अरे बापरे! मिस्त्री, तुम्हाला ते टक्..." मास्तरनं डोळे बारीक केले.

शेडच्या मागे बायको कपडे वाळत घालत होती. सगळी टकटक तिनं ऐकली होती, आणि पत्र्याच्या फटीतून आपल्या नवऱ्याचा उतरलेला चेहराही बघितला होता. ओल्या हातांनीच ती तरातरा आत आली.

"मास्तर, तुमचं तोंड जरा बंद ठेवता का? अख्खी सकाळ तुमची टकळी चालू. माणसानं इंजिन ऐकायचं की तुम्हाला? ह्यांच्या कानाला काही झालेलं नाही, तुमच्या जिभेला झालंय!"

मास्तर शेडबाहेर जाऊन उभा राहिला. अगदी वर्गाबाहेर काढल्यासारखा.

नवऱ्याशी मात्र ती अक्षर बोलली नाही. अबोला म्हणजे अबोला. मॅग्नेटोवर पंजा ठेवून उभी राहिली. कानसेननं पुन्हा प्लग काढला, बोल्ट सैल केले, हँडल फिरवलं. टक् होताच तिच्या दुसऱ्या हाताचं बोट वर झालं, खूण यायच्या जरा आधीच. त्यानं मॅग्नेटो केसभर सरकवला. पुन्हा फिरवलं. या खेपेला बोट आणि खूण एकदमच आली.

बोल्ट आवळले, प्लग लावला. पहिल्याच हँडलला इंजिन लागलं आणि एका लयीत धडधडत राहिलं. मास्तर खजील होऊन ट्रॅक्टरवर चढला आणि निघून गेला.

शेडमध्ये दोघंच उरली. ती पदराला हात पुसत दारात उभी होती. तिचे ओठ हलले.

अलीकडच्या सवयीनं 'पुटपुटू नकोस' त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"काय म्हणालीस?" तो म्हणाला. "मला... ऐकू नाही आलं गं. हल्ली बारीक काही ऐकूच येत नाही मला."

ती जवळ आली, त्याच्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणाली, "काही नाही म्हणाले. जांभई दिली."