घोयऱ्यांना ऊब

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी एपोसीची कूस उजवली नव्हती, आणि नवऱ्यानं तिला घोयऱ्यांची बाळंतपणं करायला बसवलं होतं.

मोलुआ आधी डोंगरावरच्या रानातून घोयरे पकडून परदेशी पाठवायचा. नाकावर दोन शिंगं, पाठीवर शिडासारखा पडदा असलेले, रंग बदलणारे सरडे. मग घरी पैदास केलेलेच पाठवायचे असा नियम आला. त्यानं डोंगरातल्या गार बुएआ गावी, घरामागे जाळीचे पिंजरे ठोकले आणि हात झटकले. बाकी सगळं एपोसी शिकली, तेही चुकत चुकत. दोन नर एकत्र ठेवले तर फाडून खातात. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी शिंपडायचं, ते थेंब चाटतात. मादी काळवंडून फिसकारायला लागली की गाभण समजायची, आणि तिला वीतभर खोल ओली माती द्यायची. माती मिळाली नाही तर अंडी पोटात ठेवून मरते, पण उघड्यावर घालत नाही. मग पाच महिने अंडी गारव्यात.

घरी पाहुणे जेवायला आले की मोलुआ म्हणायचा, "हिच्या हाताखाली सगळ्यांना पोरं होतात. हिलाच तेवढी होत नाहीत."

पाहुणे हसायचे. एपोसी त्यांच्या ताटात पानात उकडलेला अळकुड्यांचा गोळा वाढत राहायची.

त्या वर्षी मोलुआनं खाली समुद्राकाठी, लिंबेला, दुसरं लग्न केलं. नमोंडो तिचं नाव. तिला लगेच दिवस गेले. तिला सहावा लागला तसा मोलुआ पिंजरे न्यायला ट्रक घेऊनच आला.

"मी पण येते," एपोसी म्हणाली. "यांचं कोण बघणार?"

"नमोंडो बघेल. तू इथंच थांब. पोटुशी बाईवर तुझी सावली नको."

एक्केचाळीस घोयरे आणि अंड्यांचे चार डबे ट्रकात चढले. खालच्या उकाड्यात हे टिकणार नाहीत, हे एपोसीला ठाऊक होतं. ती बोलली नाही.

आठ दिवसांनी मोलुआ घामाघूम होऊन वर आला.

"नऊ मेले. काय चुकतंय?"

एपोसी मक्याची कणसं सोलत होती. तिनं हातातलं कणीस पुरतं सोललं.

"गारठलेत," ती म्हणाली. "धुक्यातला गारठा अंगात मुरलाय त्यांच्या. ऊब द्या. पिंजरे उन्हात काढा. अंडी चुलीपाशी ठेवा."

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

मोलुआनं जन्मात एका पिंजऱ्यातही हात घातला नव्हता. सरडा उन्हात बसतो एवढंच त्याला माहीत. त्याला पटलं.

दोन आठवडे गेले आणि एपोसीला घरी बसवेना. आपण केलेलं डोळ्यांनी बघावं असं वाटून ती खाली उतरली. लिंबेच्या अंगणात पत्र्यालगत पिंजरे मांडलेले. चौदा उरले होते, पांढुरके पडलेले, तोंडं वासून. एक शिंग मोडलेला म्हातारा नर, जो रोज तिच्या हातावरून खांद्यावर चढायचा, तिला बघून एक पाय उचलून तसाच थांबला. पुढं यायचं बळ त्याच्यात नव्हतं.

नमोंडो सातव्या महिन्याचं पोट सांभाळत बाहेर आली. विशीतली पोर. ती हळूच म्हणाली, "मा एपोसी, मला वाटतं यांना पाणी हवंय. मी चोरून शिंपडते. मग थोडा वेळ तोंड मिटतात."

पोरीनं न शिकता ओळखलं होतं. मोलुआ दारात आला तसा एपोसीनं आवाज चढवला.

"पाणी घालते ही त्यांना. गारठलेल्या जिवांना पाणी. मग मरतील नाही तर काय?"

मोलुआनं नमोंडोच्या कानशिलात मारली. ती पिंजऱ्याला धरून खाली बसली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, एपोसीकडे पाहिलं. एका शब्दात हे थांबवता आलं असतं. एपोसी तोंड फिरवून पिंजऱ्यांशी गेली. निघताना तिनं एक गाभण मादी डोक्याच्या फडक्यात गुंडाळली. नमोंडोनं ते पाहिलं, आणि ऊब द्यायला कुणी, कशासाठी सांगितलं ते तिला कळलं.

वर धुक्यात आल्यावर मादीनं डोळे उघडले. एपोसीनं तिला खोल ओली माती दिली. मादी उकरायची, थांबायची, दुसरीकडे उकरायची. चौथ्या दिवशी ती त्या खळग्यातच मेली. एपोसीनं सुरीनं तिचं पोट उघडलं. आत अकरा अंडी होती, पिवळी पडलेली, एकमेकांना चिकटलेली. तिनं ती बोटानं वेगळी केली, मोजली, आणि हात धुतले.

महिनाभरानं मोलुआ आला, एकटाच, रिकामे पिंजरे घेऊन.

"एकही वाचला नाही," तो म्हणाला. "तिच्या हाताला यशच नाही. माहेरी पाठवली तिला. म्हणत होती, एपोसीनंच मारले. मी म्हटलं, तोंड सांभाळ. रानातून नवे आणतो, तू परत सुरू कर."

"आणा," एपोसी म्हणाली.

तिनं त्याला जेवायला वाढलं. तो जेवत असताना ती मागे जाऊन पिंजऱ्यांच्या जाळ्यांची भोकं तारेनं शिवत बसली. नमोंडो कशी आहे, पोर झालं का, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही.